स्वामी संथानंदांचा उपवास

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी भूक लागली की खायचे आणि पोट भरलं की थांबायचे. आता एवढ्यावर काही गोष्ट होत नाही. म्हणून त्या जंगलात एक अजगर आला.

आला तो ओढ्याकाठच्या जांभळीखाली वेटोळं घालून पडला. दिवस गेले, पंधरवडा गेला, गडी जागचा हलेना. येता-जाता एका खारीला राहवलं नाही. तिने लांबूनच विचारलं, बाबा रे, तुला भूक कशी लागत नाही? अजगर म्हणाला, "खावंसंच वाटत नाही." बिचारा खरं तेच बोलला. पण खारीने ते जंगलभर केलं, आणि संध्याकाळपर्यंत त्या अजगराचे स्वामी संथानंद झाले.

दुसऱ्या दिवसापासून जांभळीखाली पहाटेचे वर्ग भरू लागले. स्वामींनी सांगितलं, घास तोंडात घालण्याआधी त्याच्याकडे नीट बघावं. तू कुठून आलास, असं त्याला विचारावं. मग डोळे मिटून स्वतःला विचारावं, मला तू खरंच हवा आहेस का? बहुतेक वेळा उत्तर 'नाही' असं येतं.

जंगल नुसतं भारावून गेलं. ससा इतका हळू बोलू लागला की त्याचं बोलणं त्यालाच ऐकू येईना. साळिंदराने उपवासाची खास कंदमुळं काढली. कंदमुळं रोजचीच, पण आता सागाच्या पानात बांधलेली, वरून वेलीची गाठ मारलेली. 'कमी वापरा' या विषयावर स्वामी बोलले, त्या दिवशी जांभळीखाली पानांचा एवढा ढीग पडला की हरणांना पाण्यावर जायला वाट सापडेना.

या वर्गात सगळ्यांत पुढे बसायचा विसोबा धनेश. धनेश म्हणजे तो मोठ्या पिवळ्या चोचीचा, डोक्यावर चोचीचाच आणखी एक मजला चढवलेला पक्षी. या धनेशांच्या घरची रीत न्यारी असते. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून चिखलाने दार लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. आत तिची पिसं गळतात, उडता येत नाही. पिल्लू मोठं होईपर्यंत ती बाहेर येत नाही. तोवर नवऱ्याने घशात फळं भरून आणायची आणि फटीतून एकेक करून आत द्यायची. त्याने खाडा केला तर आतल्यांना दुसरं कुणी नाही.

विसोबाची बायको सगुणा अशी ढोलीत बसली होती, आणि पिल्लू नुकतंच अंड्यातून बाहेर आलं होतं. विसोबा मनाने वाईट नव्हता हो. दमला होता. उजाडल्यापासून उंबराच्या झाडावर जा, घसा भरून ये, रिकामा कर, परत जा. त्यात स्वामी म्हणाले की खरं सुख कमी खाण्यात आहे. दमलेल्या नवऱ्याला असलं तत्त्वज्ञान फार लवकर पटतं.

त्या दिवशी तो एकच उंबर घेऊन ढोलीपाशी आला.

"बाकीची?" आतून सगुणाने विचारलं.

"आधी याच्याकडे नीट बघ. ते कुठून आलंय, त्याचा विचार कर."

"आत अंधार आहे हो. आणि ते ओढ्यापलीकडच्या झाडावरून आलंय, मला ठाऊक आहे. बाकीची कुठायत?"

विसोबाने तिला शांतपणे समजावलं की भूक ही बरीचशी सवय असते. सगुणाने ते उंबर पिल्लाला दिलं. पिल्लाने त्याच्याकडे न बघताच ते गिळलं आणि पुन्हा आ केला. आपल्या घरात अध्यात्माचं वातावरण नाही, याचं विसोबाला वाईट वाटलं.

पण तो चिकाटीचा. रोज एखाद-दुसरं फळ द्यायचा आणि बाकी वेळ उपदेश द्यायचा. पूर्वी पिल्लाचं ओरडणं ओढ्यापर्यंत ऐकू यायचं. मग ते झाडाखालीच ऐकू येऊ लागलं. पुढे फटीला कान लावावा लागला. विसोबाने वर्गात अभिमानाने सांगितलं की पोर आता पुष्कळ शांत झालंय. स्वामींनी एक डोळा उघडून समाधान व्यक्त केलं. येत्या पौर्णिमेला विसोबाला पट्टशिष्य करायचं ठरलं.

ही आनंदाची बातमी घेऊन तो घरी आला. सगुणा चिडली असती तर बरं झालं असतं. ती चिडली नाही. तिचा आवाज पार खोल गेला होता.

"अहो, तुमचे स्वामी शेवटचे कधी जेवले?"

"महिना होत आला."

"आणि काय जेवले?"

हे काही कुणी विचारलं नव्हतं.

"तेवढं विचारून या," सगुणा म्हणाली. "मग मी तुमचं सगळं ऐकेन. पण लवकर या. पोर मान धरत नाहीये."

विसोबा गेला तेव्हा समारंभाची तयारी झालीच होती. पौर्णिमेला अवकाश होता, पण शिष्यांना दम नव्हता. ससा करवंदांचा हार घेऊन उभा होता. विसोबाने मान वाकवली आणि वाकवता वाकवताच विचारलं, "महाराज, महिन्यापूर्वी आपण काय घेतलं होतंत?"

स्वामी कसेही असोत, खोटं बोलणारे नव्हते.

"भेकर," ते म्हणाले.

"म्हणजे त्या हरणाचा एखादा घास?"

"भेकर. सबंध. चांगलं पुष्ट होतं."

कुणाच्या तरी पोटात गुरगुरलं. मग सशाने डोळे पुसले आणि म्हणाला, काय हा प्रामाणिकपणा. वानरांनी टाळ्या वाजवल्या. भेकर या विषयावर एक स्वतंत्र व्याख्यान ठेवावं, अशी सूचनाही आली.

ती ऐकायला विसोबा तिथे नव्हता. तो उंबरावर होता. एकाही फळाची चौकशी न करता त्याने घसा ठासून भरला आणि ढोलीकडे धाव घेतली. त्याला स्वतःची फार लाज वाटत होती. एकेक फळ तो फटीतून आत देत गेला. सगुणा आधी पिल्लाच्या चोचीत थोडा थोडा गर घालत होती. बराच वेळ आतून काहीच आवाज आला नाही. विसोबा फटीला कान लावून उभा राहिला. मग एक कर्कश, बेसूर, कान किटवणारी आरोळी आली. ती ऐकून विसोबाला रडू फुटलं.

"रडताय काय," सगुणा आतून म्हणाली. "अजून आणा."

तिकडे काही दिवसांनी स्वामींना भूक लागली. त्यांनी शिष्यांवरून नजर फिरवली, तर सगळी हाडं. सगळ्यांत जवळ ससा बसला होता. स्वामींनी त्याच्याकडे नीट बघितलं, डोळे मिटले आणि स्वतःला विचारलं, मला हा खरंच हवा आहे का? उत्तर 'नाही' असं आलं. ते उठून पलीकडच्या जंगलात गेले. तिथले प्राणी अजून अडाणी होते आणि चांगले जाडजूड होते. महाराज पुढच्या साधनेला गेले, असं शिष्य सांगतात.

यथावकाश सगुणा दार फोडून बाहेर आली. नवी पिसं, गोल गरगरीत अंग, आणि मागून तसंच गुबगुबीत पोर. विसोबा मात्र फेऱ्या मारून मारून काटक झाला होता. त्याला बघून म्होरक्या वानर हरखलाच.

"काय शरीर कमावलंत, विसोबा. कुठला वर्ग लावलात?"

"वर्ग कसला. बायको-पोराला जेवायला घालतो."

"अरे वा," वानर म्हणाला. "आणि हा सकाळी असतो की संध्याकाळी?"

तात्पर्य: संयम हा फार मोठा गुण आहे. तो भरल्या पोटी शिकवावा आणि भरल्या पोटीच शिकावा. रिकाम्या पोटी त्याला उपासमार म्हणतात, आणि तिच्या वर्गाला पुढे बसायला कुणी धडपडत नाही.