भिंतीवरील मेणबत्त्यांची हकीकत

स्वर्गींचा बाप साक्ष, देवमाता पाठीशीं. वडिलांमुखें ऐकिलें तैसें लिहिलें, उणेंअधिक वाचणारांनीं पोटांत घालावें. शके सोळाशें त्र्याण्णव, खरनाम संवत्सरीं, समुद्रकांठच्या एका राज्यांत क्रुसाचे लोक नांदत होते, आणि त्यांचा रिवाज ऐसा कीं, बाप्तिस्म्याआधीं निवर्तलेलें मूल दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरावें, आणि मृतांच्या सणीं आयांनीं भिंतीच्या माथ्यावर मेणबत्ती लावावी, म्हणजे उजेड आंतही पडावा आणि बाहेरही. तीं मुलें देवमातेच्या कडेवर बसून उजेड पाहावयास येतात, ऐसी सर्वांची श्रद्धा. मग राजधानींतून दियोग पाद्री, थोर धर्मपंडित, तेरा ग्रंथ पालखींत आणि आपण पायीं, ऐसे दाखल जाहले, आणि सभा भरवून निवाडा दिला कीं, ऐसीं मुलें स्वर्गींही नाहींत, नरकींही नाहींत, वेशीवर एका शांत ठिकाणीं असतात, तेथें दुःख नाहीं आणि देवदर्शनही नाहीं. सबब भिंतीवरील मेणबत्त्या बंद. लोकांनीं मान डोलाविली, कारण पंडितांपुढें मान डोलावणें हाही रिवाजच. आणि मग रेजिनबाय, मिठागरावरील पास्कूची बायको, जिचा मुलगा त्याच श्रावणांत जन्मून तिसऱ्या दिवशीं गेला, ती उभी राहिली.

"बाबा, तिथं माझ्या पोराला कडेवर कोण घेतं?"

पंडितांनीं दुपारपासून सांजेपर्यंत तेराही ग्रंथ चाळिले, आणि त्या जागेची लांबीरुंदी सांपडली, तेथील हवा सांपडली, परंतु कडेवर घेणारें कोणी सांपडेना.

"बाई, तें लिहिलेलें नाहीं."

"मग मी त्याला तिथं एकट्याला कसा सोडू? तुमच्या आईचं नव्हतं का गेलं असं कोणी?"

पाद्री हातांतील ग्रंथ मिटते जाहले. मग बोलिले, "होता. माझ्या आधीचा. आई त्याच्याविषयीं बोलत नसे."

पुढें सणाची सांज आली, आणि आज्ञा मानलेल्या त्याच लोकांनीं भिंतभर मेणबत्त्या लाविल्या, आणि पंडित त्या विझवावयास स्वतः निघाले. मिठागरावरून धुकें आलें होतें, आणि त्या उजेडांत आंत कोणतें आणि बाहेर कोणतें हें कळेनासें जाहलें, जणूं भिंत उठून कोठें गेली. इतक्यांत वारा सुटला आणि रेजिनबायची ज्योत वांकली, आणि विझवावयास पुढें जाहलेला पंडितांचा हात तिच्याभोंवतीं आडोसा होऊन राहिला. हें लिहितांना आम्हांस गहिंवर येतो.

तात्पर्य, निवाडा ग्रंथीं कायम राहिला आणि मेणबत्त्या भिंतीवर कायम राहिल्या. त्या सालीं भिंतीबाहेर एकवीस मुलें होतीं, आणि मेणबत्त्या बावीस जळाल्या. इतकेंच.