लाजाळू चाकू

कार्तिकीने स्वतःच्या हाताने केलेला पहिला चाकू लाजाळू निघाला. कुणी बघत असलं की तो कापत नसे.

घरात हे कळलं ते एका टोमॅटोमुळे. आईने चाकू टोमॅटोवर ठेवला, दाबला, पुढेमागे ओढला. टोमॅटो नुसता चपटा झाला. तेवढ्यात दूध वर आलं म्हणून तिने मान वळवली, आणि मान परत येते तोवर टोमॅटोच्या चार सारख्या फोडी पडलेल्या. मुठीवर हात तिचाच होता. आणखी दोन टोमॅटो घेऊन आईने खात्री करून घेतली आणि मग म्हणाली, "तुझ्यावरच गेलाय गं हा."

कार्तिकीने चाकू पुसून ठेवला. ती तशी बोलतच नसे. दिवसभर औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहायची. गिऱ्हाईक चिठ्ठी पुढे करायचं, ती गोळ्या पुढे करायची, संपलं. संध्याकाळी मात्र घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भाता सुरू केला की तिचे ताठलेले खांदे खाली यायचे. टेम्पोच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा लाल करायचा, ऐरणीवर ठोकायचा, पुन्हा लाल करायचा. दिवसातला तेवढाच वेळ तिला आपला वाटायचा. शिकवायला तात्या पोपळघट होते. वय पंच्याहत्तर, आणि गावातले निम्मे विळेकोयते त्यांच्या हातचे.

तात्यांनी चाकू उलटसुलट करून पाहिला.

"पाणी बराबर दिलंयस. धार बी झ्याक. ठोकताना दार लावलं हुतंस?"

"हो."

"का गं?"

"येणारेजाणारे थांबून बघतात, तात्या. पोरगी हातोडा मारते म्हणून."

"मग त्यो बी त्येच शिकला की. तापलेलं लोखंड लेकरावानी असतंय. बघून बघून उचलतंय." भावाशी अबोला होता त्या साली केलेले आपले सगळे विळे आजही एका खुंटीला राहत नाहीत, असं तात्यांनी सांगितलं. "आता दुसरा कर. दार उघडं टाकून."

दार उघडं टाकल्यावर गल्ली जमली. कुणी घरून खुर्ची आणली, कुणी शेंगदाणे. घाव पडला की सगळे "वा!" म्हणायचे. कार्तिकीने मान वर न करता चाकू पुरा केला. तो चढेल निघाला. चार माणसं बघत असली की त्याला आवरणं कठीण. त्याने काकडी कापली, काकडीखालचा पाट कापला, ओट्याची कड कापली, आणि आई "वा, वा, पुरे आता" म्हणेपर्यंत थांबायला तयार नव्हता. तात्यांनी त्याला फडक्यात गुंडाळून पेटीत घातलं. "म्हैनाभर कुनी नाव नका घेऊ ह्याचं," ते म्हणाले. "उतरंल."

तिसरा अजून नुसती पट्टी होता, आणि नगरपंचायतीचं पत्र आलं. हौशी भट्टीला सहा महिन्यांची मुभा होती, ती संपली होती. आता निरीक्षकासमोर स्वतः केलेल्या चाकूने टोमॅटो कापून दाखवायचा. दोन प्रयत्न. नाही जमलं तर भट्टी विझवायची आणि ऐरण जमा करायची. तपासणी उद्या सकाळी दहाला. चढेल चाकू पेटीतून काढला तर तो टोमॅटोबरोबर निरीक्षकाची फाइलही कापेल, म्हणून लाजाळूच पुढे करायचा ठरला.

दहाला निरीक्षक शेळवणे फाइल घेऊन आले. आईने त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं.

"लाजाळू. बरं. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं तर?"

"कळतं त्याला," कार्तिकी म्हणाली.

"मग अडचण आहे, ताई. रकाना नऊ. निरीक्षकाने समक्ष, उघड्या डोळ्यांनी पाहिले, होय किंवा नाही. मी डोळे मिटून होय लिहू शकत नाही."

"अशांसाठी वेगळा फॉर्म नसतो का हो?" आईने विचारलं.

"बोथटांसाठी आहे. लाजाळूंसाठी नाही."

तात्याही आले होते, ते निरीक्षकांच्या जाड चष्म्याकडे बघत होते. "सायेब, चष्म्याचा नंबर किती तुमच्या?"

"उणे अकरा."

"काढला तर काय दिसतंय?"

शेळवण्यांनी चष्मा काढला. "उजेड दिसतो."

"डोळं उघडं हायेत?"

"आहेत." त्यांनी चष्मा घातला, रकाना नऊ पुन्हा वाचला, आणि चष्मा खिशात ठेवला. "काय दिसलं पाहिजे ते लिहिलेलं नाही. करा सुरू."

आई आणि तात्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. कार्तिकीने टोमॅटो मांडला, डोळे मिटले, चाकू ओढला. टोमॅटो पचकन चपटा झाला.

"एक प्रयत्न झाला," शेळवणे उजेडाकडे बघत म्हणाले.

"कुणीतरी बघतंय," कार्तिकी म्हणाली.

बघतच होते. दारात, खिडकीत, पत्र्याच्या भोकाशी, मिळून चाळीसेक माणसं.

"घालवा ना त्यांना!" आई भिंतीला म्हणाली.

"तो अधिकार मला नाही. अर्जदार विनंती करू शकतात."

कार्तिकी दारापर्यंत गेली. चाळीस तोंडं तिच्याकडे वळली. "जरा..." ती पुटपुटली.

"काय म्हणती?" मागून कुणीतरी विचारलं.

"गोळ्या संपल्या म्हणती," दुसऱ्याने सांगितलं, आणि गल्ली हसली.

कार्तिकीने वळून ऐरणीकडे पाहिलं. मग हातोडा उचलला आणि ऐरणीवर एकच घाव घातला. हसू थांबलं.

"मागे तोंड करा!" ती म्हणाली. तिचा आवाज कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेला. "सगळ्यांनी! मी सांगेपर्यंत कुणी वळायचं नाही. निवृत्तीकाका, भोकावरचा डोळा काढा. तुम्हाला वेगळं सांगायचं का?"

गल्ली वळली. दूधवाल्याने सायकलसकट तोंड फिरवलं. एक शेळी तेवढी बघत होती. तिला कुणीतरी शिंगाला धरून वळवलं.

कार्तिकी आत आली, दुसरा टोमॅटो मांडला, डोळे मिटले. सर्र, सर्र, असा सात वेळा आवाज झाला.

शेळवण्यांनी चष्मा घातला. एक चकती उचलून उजेडाशी धरली. पलीकडचे तात्या दिसले. त्यांनी रकाना नऊमध्ये "होय" लिहिलं, सही केली आणि शेऱ्यात घातलं, "उजेड उत्तम होता." भट्टी राहिली.

फाइल बांधून ते निघाले, आणि दाराशी घुटमळले.

"ताई, असाच एक करून द्याल?"

"असाच? लाजाळू?"

"अगदी असाच. घरात नवी सून आलीय. ती ओट्याशी उभी राहिली की आम्ही सगळे बघत असतो. मी, आमची ही, माझी बहीण. पोरीच्या हातून मग काही धड कापलं जात नाही, आणि आम्ही बोलतो." त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "असा चाकू असला म्हणजे आम्हाला तोंड फिरवावंच लागेल."

कार्तिकीने मापाची सुतळी घेतली. "मुठीचं माप लागेल. हात केवढा आहे तिचा?"

शेळवण्यांनी आपला पंजा पुढे धरला, बोटं थोडी मिटली, पुन्हा उघडली.

"ते कधी बघितलं नाही," ते म्हणाले.

"बघून या," कार्तिकी म्हणाली.