स्नेदरबीच्या टोपीचा वारस

कर्तृत्व ही फार बेभरवशाची गोष्ट आहे. बापाकडे असली म्हणून ती मुलाकडे असतेच असं नाही, आणि मुलाकडे असली तर बापाला ती बघवतेच असंही नाही. म्हणून शहाण्या राष्ट्रांनी मोठेपणाची व्यवस्था कर्तृत्वाच्या हातून काढून घेतली आणि जन्माकडे सोपवली. जन्माला अर्ज लागत नाही, मुलाखत नसते आणि त्यात नापास होता येत नाही. (मुलींना येतं. त्याविषयी पुढे.)

या व्यवस्थेचा एक अत्यंत यशस्वी नमुना म्हणजे लिंकनशर परगण्यातलं स्नेदरबीचं लॉर्डपद. त्याची सुरुवात एका टोपीपासून झाली. शिकारीला आलेले राजे एका कुंपणाआड लघुशंकेला गेले, तेव्हा जर्वेस ब्रॅकनबरी नावाच्या गृहस्थाने त्यांची टोपी धरली. पाऊस होता. राजांना वेळ लागला (जेवणात बिअर होती). जर्वेसने टोपी आपल्या अंगरख्याच्या आत घेतली, स्वतः चिंब भिजला, पण टोपीला थेंब लागू दिला नाही. राजांनी तिथल्या तिथे त्याला लॉर्ड केलं आणि सनद दिली की हे पद जर्वेसच्या औरस पुरुष वंशजांकडे चालावं, अगदी यावच्चंद्रदिवाकरौ. घराण्याच्या चिन्हावर टोपी आली आणि तिच्याखाली लॅटिनमध्ये ब्रीद आलं: ‘आम्ही धरून ठेवतो.’

त्या ब्रीदाला जागून दुसऱ्या लॉर्डनी पूर्वेकडचं जंगल पत्त्यांत घालवलं. तिसरे यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी लढले (एकाच वेळी नाही, जेवणानंतर बाजू बदलली). चौथ्यांनी एका राजहंसावरून शेजाऱ्याशी आयुष्यभर कोर्टकचेरी केली. निकाल लागला तेव्हा शेजारी, न्यायाधीश आणि हंस असे तिघेही वारले होते. सहावे लॉर्ड वरिष्ठ सभागृहात चाळीस वर्षं बसले आणि एकदाच बोलले: ‘ही छत्री माझी आहे.’ (छत्री त्यांची नव्हती.) आठव्यांनी काचघर बांधून त्यात एक अननस पिकवला. तो बघायला लांबलांबून माणसं आली. खाल्ला कुणीच नाही, कारण तो कुठल्या बाजूने सुरू करायचा याबद्दल मतभेद होते. आजवरच्या अकरा लॉर्डांपैकी नऊ जणांचं नाक हुबेहूब सारखं आहे. उरलेल्या दोघांविषयी घराण्यात बोललं जात नाही.

या सर्वांना बायका होत्या. चौथे लॉर्ड हंसापायी कोर्टात बसलेले असताना त्यांच्या पत्नी डोरोथिया यांनी दलदल उपसून शेतं काढली, गिरणी घातली आणि वकिलांची देणी फेडली. त्यांचं एक तैलचित्रही काढून घेतलं होतं. पुढे चौकट लहान पडली, म्हणून चित्र बाजूने कापावं लागलं. त्यातला कुत्रा शाबूत आहे.

आता अकरावे लॉर्ड म्हणजे पेरेग्रीन, घरात पेरी. मोठं घर त्याच्या वडिलांनीच एका गोल्फवाल्या मंडळाला विकलं, त्यामुळे घराणं आता माळ्याच्या जुन्या घरात राहतं आणि तिथे थंडीत निदान पाय तरी गरम राहतात. सभागृहातली बैठकही गेली. पदाचे उरलेले लाभ असे: विमानकंपनीच्या संगणकाला ‘लॉर्ड’ हे पहिलं नाव वाटतं, आणि गावातल्या बेकरीत रांगेत उभं राहिल्यावर पुढचे लोक वळून बघतात (पुढे जाऊ देत नाहीत). अशा पदाला वारस असणं किती निकडीचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

ही गोष्ट पेरीच्या बायकोची, टॅमसिनची. ग्रिम्सबीला तिच्या वडिलांचं तळलेल्या माशांचं दुकान होतं. एका शुक्रवारच्या गर्दीत पेरी तिथे आला. तिने गडबडीत एक कढत पुडकं त्याच्या हातात दिलं, ‘जरा धरा हं’ म्हणाली आणि विसरली. गर्दी ओसरल्यावर बघते तर हा तिथेच उभा, तळवे लालेलाल, पुडकं हातात. बाकी काही असो, हा माणूस धरून ठेवतो, एवढं तिला त्या दिवशी कळलं. लग्नाला तेवढं पुरलं.

त्यांना तीन मुली झाल्या: हेस्टर, ओटिली आणि ब्रायनी. तिघी गुटगुटीत, तिघींना ते नाक.

स्नेदरबीत बाळाचं स्वागत करण्याची रीत ठरलेली आहे. लॉर्डला मुलगा झाला तर ‘लंगडा घोडा’ या गुत्त्यात बिअरचं पिंप फोडायचं, अख्ख्या गावाने प्यायचं, चर्चची घंटा वाजवायची. मुलगी झाली तर चर्चच्या दिवाणखान्यात चहा आणि मनुकांचा पाव. हा भेदभाव नाही. चहा आरोग्याला चांगला असतो.

पेरीची आई, थोरल्या लेडी स्नेदरबी होनोरिया, हिचीही पाळण्याशी येण्याची एक रीत होती. हेस्टरच्या वेळी तिने वाकून पाहिलं आणि म्हणाली, “हरकत नाही.” ओटिलीच्या वेळी म्हणाली, “अजून वय आहे तुझं.” ब्रायनीच्या वेळी तिने हातमोजेही काढले नाहीत. ती वाईट बाई नव्हती. पेरीच्या आधी तिलाही दोन मुली झाल्या होत्या आणि तिच्या सासूने तर पाळण्यापर्यंत यायचे कष्टही घेतले नव्हते. म्हणजे पिढीगणिक प्रगती होती.

चौथ्या खेपेला टॅमसिनला दिवस गेले, तेव्हा दवाखान्यातल्या बाईने यंत्र फिरवत विचारलं, “सांगू का काय आहे ते?” तिथे हे सांगायला बंदी नाही (तिथल्या सरकारला आपल्या नागरिकांविषयी बरीच चांगली मतं आहेत). टॅमसिनने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, “हृदय चालू आहे ना? मग झालं.”

पण ‘मग झालं’ असं म्हणून भागणारं नव्हतं. ‘लंगड्या घोड्या’च्या स्किपवर्थने पिंप आणून ठेवलं. चहावाल्या बाजूने ब्रॅटलीबाईंनी मनुका भिजत घातल्या. ब्रॅटलीबाई टॅमसिनकडे स्वयंपाकाला येत. गावच्या चहाचा मुख्य अधिकारही त्यांच्याचकडे.

“पोरी, तुझं पोट या वेळी टोकदार दिसतंय गं,” त्या म्हणाल्या.

“आणि ब्रायनीच्या वेळी?”

“तेव्हाही टोकदारच होतं. पण हे वेगळं टोक आहे.”

हे सगळं टेबलाखाली बसून सात वर्षांची हेस्टर ऐकत होती. ती बाहेर आली, आईच्या पोटाला गाल लावून उभी राहिली आणि म्हणाली, “आई, मी झाले तेव्हा पिंप फोडलं होतं?”

“तुझ्या वेळी मस्त चहा झाला होता, राणी.”

“म्हणजे पिंप नाही.”

“मनुकांचा पाव होता. खूप.”

हेस्टरने विचार केला. “पिंपाला आवाज होतो ना, फोडताना?”

“होतो.”

“मग माझ्या वेळी आवाज झालाच नाही,” हेस्टर म्हणाली. रडून वगैरे नाही, हवापाण्याविषयी बोलावं तशी म्हणाली आणि कुत्र्याला घेऊन बाहेर गेली.

ब्रॅटलीबाई उगाचच मनुका निवडत राहिल्या. टॅमसिन खुर्चीत बसून होती. आतलं बाळ पाय झाडत होतं, एवढासा टाचेचा गोळा बरगडीखालून सरकत होता, आणि तिने त्यावर हात ठेवला. याच्यासाठी सगळा गाव कान लावून बसला होता, आणि कुणीही याची वाट बघत नव्हतं. सगळ्यांना उत्तर हवं होतं, बाळ नव्हे. तिने तेव्हाच ठरवलं, उत्तर द्यायचंच नाही. जो कुणी त्या प्रश्नाआधी बाळाविषयी किंवा आपल्याविषयी दुसरं काही विचारेल, त्याला सांगायचं.

बाळ झालं. सुखरूप झालं. पेरी शेजारी हात धरून उभा होता. तिने तो इतका आवळला की त्याचं बोट मोडलं, पण त्याने सोडला नाही. बाळ बघून तो ओक्साबोक्शी रडला. टॅमसिनने त्याला बेत सांगितला, तेव्हा डोळे पुसत म्हणाला, “म्हणजे मी काही बोलायचं नाही? एवढंच? ते मला जमतं. आमच्या घराण्यात चाळीस चाळीस वर्षं जमलेलं आहे.”

दवाखान्यातून घरी आल्या आल्या फोन सुरू झाले. पहिला स्किपवर्थचा.

“बाईसाहेब, अभिनंदन! फोडू का?”

“काय?”

“पिंप हो! हातोडा घेऊन उभा आहे मी.”

“बाळ झालं,” टॅमसिन म्हणाली.

“ते कळलं. पण कुठलं?”

“आमचंच.”

मग धर्मगुरूंचा आला: घंटा वाजवायची की कसं? मग परगण्याच्या वर्तमानपत्राचा. मग अशा नातेवाइकांचे, जे ओटिलीच्या जन्मानंतर आजच बोलत होते. पेरीने दिवसभर मोजदाद ठेवली. एकूण फोन करणाऱ्यांपैकी शंभर टक्क्यांनी एकच प्रश्न विचारला. (एकाने आधी हवा कशी आहे ते विचारलं, पण ती बाळाकडची नव्हे, बाहेरची.)

होनोरिया स्वतः आली. पाळण्याशी उभी राहिली. बाळ दुपट्यात गच्च गुंडाळलेलं. बाहेर फक्त ते नाक.

“काय झालं?” तिने विचारलं.

“बाळ झालं.”

“टॅमसिन, उगाच वेळ घालवू नकोस. मी सत्तर वर्षांची आहे.”

“दिसत नाही हं तुम्ही.”

होनोरियाने सावकाश हातमोजे काढले. मग आयुष्यात प्रथमच एक वाक्य तिच्या तोंडून बाहेर पडलं. “बाळाचं दुपटं ओलं झालेलं दिसतंय. आण, मी बदलते.”

“पेरी बदलेल,” टॅमसिन म्हणाली. पेरी बाळाला घेऊन आत गेला आणि त्याने दाराला कडी घातली.

इकडे गावात घटनात्मक पेच निर्माण झाला. पिंप फोडावं तर मुलगी निघायची, आणि चहा ठेवावा तर मुलगा निघून राजाच्या सनदेचा अपमान व्हायचा. स्किपवर्थ आणि ब्रॅटलीबाई, जे चहा विरुद्ध बिअर या प्रश्नावर कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, रस्त्याच्या मधोमध उभे राहून बोलले.

“पिंप नासेल हो, बाई.”

“आणि माझ्या मनुका फुगून बसल्यात त्या?”

शेवटी दोन्ही करायचं ठरलं. पिंप फुटलं, चहा उकळला, धर्मगुरूंनी गोंधळून घंटा वाजवली ती अर्ध्यावर थांबवली आणि मग कुणी ओरडलं नाही म्हणून पुन्हा वाजवली. लोकांनी बिअरमध्ये मनुकांचा पाव बुडवून खाल्ला आणि असं आधी का सुचलं नाही म्हणून एकमेकांना दोष दिला. पिंपाचा आवाज झाला तेव्हा हेस्टर स्किपवर्थच्या शेजारी उभी होती. तिने कानांवर हात ठेवले होते, पण नीट दाबले नव्हते.

टॅमसिन मात्र घरी होती. बिछान्यात, बाळाला छातीशी घेऊन. बाहेरचा आनंद खिडकीतून ऐकू येत होता आणि तिला रडू येत होतं. आपण फार ताणलं की काय? जगात एकही माणूस नसेल का, की आपण वेडेपणाने असा माणूस शोधतोय जो कधी जन्मलाच नाही?

फोन वाजला. पलीकडे कॅनडातल्या मूस जॉ गावचे दंतवैद्य वेंडल ब्रॅकनबरी होते. जर्वेसच्या दुसऱ्या मुलाकडून उतरलेली शाखा. पेरीला मुलगा नसेल तर बारावे लॉर्ड स्नेदरबी तेच. म्हणजे साऱ्या पृथ्वीवर त्या एका प्रश्नाच्या उत्तरात ज्याचं सर्वांत जास्त अडकलेलं होतं, असा हा माणूस. टॅमसिनने श्वास रोखून वाट पाहिली.

“टॅमसिन, वेंडल बोलतोय गं. कशी आहेस तू?”

दंतवैद्यांना प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघण्याची सवय असते, कारण समोरच्याचं तोंड बहुधा उघडं अडकलेलं असतं. पण वेंडल थांबला.

“टाके दुखतायत का? झोप होतेय का थोडी तरी?”

“पाठ गेलीय, वेंडल,” ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. “आणि दूध नीट उतरत नाहीये, आणि ब्रायनी मला बघून तोंड फिरवते, आणि मी सकाळपासून काही खाल्लं नाहीये, सगळे पाव तिकडे गेले.”

“अगं, आधी काहीतरी खा. आमच्या लोर्नाचं पण तसंच झालं होतं पहिल्या आठवड्यात. येतं दूध. बाळ ओढतंय का नीट?”

“ओढतंय. चिमटे काढल्यासारखं ओढतं.”

“मग हिरड्या उत्तम आहेत,” वेंडल समाधानाने म्हणाला.

टॅमसिन रडता रडता हसली. “तुला विचारायचं नाहीये का?”

“काय?”

“सगळे विचारतात ते.”

“अरे हो, राहिलंच की. नाव काय ठेवलंत?”

तेव्हा तिने त्याला नाव सांगितलं. “अरे वा,” वेंडल म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

बाळाची बातमी अशी प्रथम मूस जॉला पोचली आणि मग यथावकाश सगळीकडे. तुम्हालाही ती इथे मिळेल अशा अपेक्षेने तुम्ही पहिल्या ओळीपासून इथवर आला आहात. मधल्या काळात एका बाईचे टाके दुखले, पाठ गेली, ती उपाशी राहिली. तुमची नजर पुढच्या ओळीवर होती, कारण तुम्हाला काय झालं ते हवं होतं. तुमच्या घरी ना टोपी, ना सनद, ना अननस, तरीही. टॅमसिनने ठरवलेला नियम वाचकांनाही लागू असल्याने ते सांगता येत नाही.

बाळ छान आहे. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवलं.