भिसेगावातला पक्ष

हिरामणचं डोकं सकाळपासून सणकलं होतं. गोगटे मास्तर आणि दामू शिंपी या दोघांनी मिळून पक्षाचा झेंडा कापला होता. मिळून म्हणजे अर्थातच भांडून.

कर्जत-खालापूर श्रमजीवी पक्षाची सभा म्हटली की एके काळी भिसेगावच्या माळावर पाय ठेवायला जागा नसे. मग सरकारची बंदी आली. मुंबईचे पुढारी गडप झाले, इथली माणसं एकेक करून गळाली, आणि शेवटी उरले तिघे. शाळेतून काढलेले गोगटे मास्तर, दामू शिंपी, आणि रेल्वेच्या संपात खलाशाची नोकरी घालवून बसलेला हिरामण. तिघेच होते, पण गट दोन होते. मुंबईच्या कॉम्रेड सबनिसांचं आणि कॉम्रेड गुप्त्यांचं चीनच्या प्रश्नावरून फाटलं होतं. मास्तर सबनिसांचे एकनिष्ठ, दामू गुप्त्यांचा कट्टर. झेंडा दामूच्या मशीनवर शिवला म्हणून दामूचा, आणि कापड मास्तरांच्या बायकोच्या लुगड्याचं म्हणून मास्तरांचा. अखेर दामूने कात्री चालवली. विळा मास्तरांकडे गेला, हातोडा दामूने ठेवून घेतला.

आता हिरामण ज्या बाजूला वळेल तिचं बहुमत. त्यामुळे दोघेही त्याच्या दारात येऊन बसले होते आणि त्याच्याच घरचा चहा पीत त्याला चीन समजावून सांगत होते.

"हिरामण, सबनिसांची भूमिका शास्त्रशुद्ध आहे," मास्तर म्हणाले.

"शास्त्र तुमच्या घरी ठेवा," दामू उसळला. "गुप्त्यांनी कवाच सांगितलं होतं, चीनमध्ये घात होनार म्हनून!"

"चीन ग्येला खड्ड्यात!" हिरामणने कपबशी दाणकन आपटली. "मंगळीच्या वेठीचं काय?"

दोघांनी चहाच्या कपात तोंड खुपसलं. मंगळीचं नाव निघालं की पक्षाच्या दोन्ही गटांची अशीच दातखीळ बसे. मंगळी वरच्या ठाकरांच्या वाडीतली विधवा बाई. वाडीतल्या प्रत्येक घराने दसरा झाला की आधी बापूशेठचं गवत फुकट कापून द्यायचं आणि मगच घरच्या भाताला विळा लावायचा, ही बापूशेठच्या आज्यापासूनची वेठ. गेल्या वर्षी मंगळी शेठच्या कुरणात गवत कापत राहिली, आणि इकडे तिचं पिकलेलं भात डुकरांनी एका रात्रीत तुडवून खाल्लं. वर्षभर ती बाई कंदमुळं उकडून राहिली. तिचं भात गेलं त्याच आठवड्यात पक्षाने एक ठराव एकमुखाने मंजूर केला होता, आणि तो होता शांघायच्या गिरणी कामगारांबद्दल.

त्या वेळी मोकळ्या शेताच्या बांधावर उभं राहून हिरामण मंगळीला म्हणाला होता, "बाय, पुढल्या साली वेठ नाय. पक्ष बगून घेईल." तो शब्द त्याला आता रात्रंदिवस टोचत होता. दसरा तोंडावर आला होता, आणि बघून घेणारा पक्ष लुगडं वाटून घेत बसला होता.

"या अमावास्येला वाडी गोळा करायची," तो म्हणाला. "वेठ करनार नाय म्हनून सगळ्यांकडून कबूल करून घ्यायचं. जो येईल त्याच्या बाजूला मी."

अर्थातच दोघेही यायला तयार झाले. अमावास्येला कोणी शेतात जात नाही, माणसं मोकळी सापडतील, हेही दोघांना पटलं. फक्त मास्तरांनी बजावलं, "सभा हा शब्द तोंडातून काढायचा नाही. बंदी आहे. पोलीसपाटलाचे कान सगळीकडे आहेत. नुसतं सांगायचं, पक्ष आहे."

महिना भाद्रपद होता. घरोघरी पितरांची पानं वाढली जात होती. पण मास्तरांनी पंचांग चुलीत घातल्याला दहा वर्षं झाली होती, दामू मास्तरांशी स्पर्धा म्हणून देवदेव करीत नसे, आणि हिरामणचं डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यामुळे ही अमावास्या कसली हे तिघांच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी हिरामण तणतणत वाडीवर चढला. म्हातारा चांगो अंगणात टोपली विणत होता. वाडीत त्याचा शब्द चाले.

"चांगोबाबा, या आवसेला माज्या दारी पक्ष हाय. घरटी सगळी या. बाया-पोरंबी आना."

"तुज्या दारी?" चांगोने हातातली कामटी खाली ठेवली. "कोनाच्या नावाचा रं?"

हिरामणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे ह्या दोघांचं भांडण वाडीपर्यंत पोचलं तर!

"कोनाच्या म्हंजे? मास्तर म्हनतो सबनिसाच्या नावाचा, दामू म्हनतो गुप्त्याच्या नावाचा. मी म्हनतो दोगांच्या नावाचा येकदम करा आनि मोकळं व्हा येकदाचं!"

"ब्येस. खर्चबी वाचंल," चांगो म्हणाला. "आनि कवा ग्येलं ते?"

"येक संपाच्या मागनं, दुसरा आवंदा शिमग्याला. भूमिगत झालं म्हनं! आमी बसलोय हितं निस्तरत."

"पुरलं म्हन की. आमच्यातबी पुरत्यात," चांगो हळहळला. पण हिरामण तोवर मंगळीच्या खोपीकडे वळला होता.

मंगळी म्हणाली, "दादा, आवंदा नक्की ना रं?"

"नक्की. पक्ष हू दे, मग बग."

अमावास्येच्या सकाळी भिसेगावात वाडी उतरली. बाया, बाप्ये, कडेवरची पोरं, काठ्या टेकत म्हातारी माणसं. कुणाच्या डोक्यावर भोपळा, कुणाच्या पाटीत काकड्या, कुणाच्या फडक्यात तांदूळ. पाहून हिरामणचा ऊर भरून आला. मास्तरांनी भाषणाचे कागद काढले, दामूनेही काढले, आणि आधी कोण बोलणार यावरून दोघांची परसात जुंपली.

इकडे वाडी ओळीने खाली बसली, आणि प्रत्येकाने आपापल्या पुढ्यात पळसाचं पान मांडलं.

"अवो," इंदूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हिरामणच्या या बायकोने नवऱ्याच्या पक्षापायी पुष्कळ सोसलं होतं, पण एवढं नव्हतं. "ही मान्सं पानं मांडून का बसली?"

चांगोने भोपळा तिच्या पुढ्यात ठेवला. "पक्षाला हात हालवत यू नये म्हनून आनलंय, पोरी. वडं घाल दोन-दोन, लई नको." मग त्याची नजर परसातून येणाऱ्या मास्तरांवर गेली. "बरं झालं, बामनबी आला."

वाडीच्या तोंडी पक्ष म्हणजे पितरांचं जेवण, हे मास्तरांना समजायला थोडा वेळ लागला. समजला तेव्हा त्यांच्या कानशिलाच्या शिरा उडू लागल्या.

"हिरामण! हे श्राद्ध आहे! पक्षाचं तू श्राद्ध घातलंस!"

"म्या काय घालतोय? तुमी दोगांनी कवाच घातलंय!" हिरामण ओरडला. "झेंडा कापलात तवा काय बारसं होतं?"

"या सगळ्यांना आत्ताच्या आत्ता परत पाठव!" दामू म्हणाला. या एका मुद्द्यावर दोन्ही गटांचं एकमत झालं होतं.

तेवढ्यात फाटकात हवालदार उभा राहिला. पोलीसपाटलाने वर्दी दिली होती की हिरामणच्या दारात माणसं जमली आहेत.

"काय चाललंय रं? सभा हाय का?"

सभा म्हणावं तर तुरुंग ठरलेला. मास्तर पुढे झाले. "सभा नव्हे, हवालदार. पक्ष आहे."

"कुणाचा?"

मास्तरांचा चेहरा पिळून निघाला. "स... सबनिसांचा."

"आँ? मुंबईचे सबनीस?" हवालदाराने टोपी काढली. "आरारा! वारंट हाय की आमच्याकडं त्यांचं. कवा गेले?"

मास्तरांनी डोळे मिटून नुसती मान हलवली. आता दामूला राहवेना. एवढ्या माणसांत एकट्या सबनिसांचाच मान व्हावा आणि गुप्त्यांचं कुणी नावही घेऊ नये, हे त्याच्या निष्ठेला सोसणारं नव्हतं.

"गुप्तेपन गेलेत!" तो छाती पुढे काढून म्हणाला. "आमचे गुप्ते आधी गेले!"

"खोटं! सबनीस आधी गेले!" मास्तर कडाडले.

"भांडू नका रं मयताच्या नावानं," चांगोने दोघांना दटावलं. हवालदाराने पट्टा सैल केला, दोन्ही वारंटं निकालात निघाली या समाधानाने एक पान ओढून घेतलं आणि तो पंगतीला बसला. आता पक्ष घातल्यावाचून सुटका नव्हती.

इंदूबाईने शेजारणीकडून मोठं पातेलं आणलं. रागाच्या भरात तिने तो भोपळा असा चिरला की हिरामण दोन पावलं मागे सरकला. भात झाला, भोपळ्याची भाजी झाली, वडे झाले. चांगोने पहिलं पान वाढून पडवीच्या कौलांवर ठेवलं आणि हाळी घातली, "काव, काव!"

आंब्यावर कावळे होते. ते पाहत राहिले, पण पानाकडे एक फिरकेना.

वाडी भुकेली होती, पोरं रडायला लागली. हवालदार वड्यांकडे पाहून हातावर हात चोळत होता. कावळा शिवल्याशिवाय जेवायचं कसं?

"कायतरी मनात ऱ्हायलंय त्यांच्या," चांगो म्हणाला. "मागं ऱ्हायलेल्यांनी शबूद द्या. चला, बोला."

"निव्वळ अडाणीपणा!" मास्तर पुटपुटले.

"बोला की वो मास्तर," हवालदार खेकसला. "भात निवतोय."

मास्तरांनी वर पाहिलं. "चीनच्या प्रश्नावर सबनिसांचीच भूमिका पुढे नेऊ." कावळे ढिम्म. "गुप्त्यांची नेऊ!" दामू ओरडला. एक कावळा उठून पलीकडच्या फांदीवर गेला.

मग मात्र हिरामणच्या रागाचा बांध फुटला. गेलेली नोकरी, कापलेला झेंडा, चीन, शांघाय आणि मंगळीचं तुडवलेलं शेत हे सगळं एकदमच त्याच्या घशाशी आलं.

"यांच्या मनात काय ऱ्हायलंय ते मला नाय ठावं!" तो कौलांकडे बघून ओरडला. "यांना सांगून जीभ झिजली माजी! पक्षाचं येकच काम ऱ्हायलंय. वेठ! शेठचं गवत फुकट कापता आनि घरचं भात डुकरांना घालता, थू तुमच्या जिनगानीवर! तेवढी वेठ बंद करायची ऱ्हायलीय, दुसरं काय नाय!"

मग मंगळी उठून उभी राहिली. तिने ओंजळीत पाणी घेतलं, पानाकडे तोंड केलं आणि म्हणाली, "आवंदा पास्नं मी वेठीला जानार नाय. जेव बाबा." तिने पाणी सोडलं. तिच्या मागोमाग पोशाने सोडलं, जनाने सोडलं, आणि मग सगळी वाडीच उठली. चांगोने शेवटी सोडलं.

आंब्यावरून कावळा उतरला आणि वडा उचलून गेला.

"झालं, वाढा!" हवालदार म्हणाला.

दसरा उलटला. बापूशेठच्या कुरणात गवत कमरेला लागलं, पण विळा पडेना. शेठचा कारकून वाडीवर गेला. आधी त्याने चुचकारलं, मग दरडावलं, शेवटी हवालदाराला आणीन म्हणाला.

"आना की," चांगो म्हणाला. "त्याच्या म्होरंच पानी सोडलंय. जित्याला शबूद दिला असता तर मोडलाबी असता, सायब. मेलेल्याला दिलाय, तो कसा मोडनार?"

मंगळी तेव्हा खाली आपल्या शेतात भात कापत होती.

त्या संध्याकाळी मास्तर आणि दामू पुन्हा हिरामणच्या दारात आले. या खेपेला दोघे शेजारी-शेजारी बसले होते. पक्षाच्या नावाने श्राद्ध घालून अंधश्रद्धेला खतपाणी घातल्याबद्दल हिरामणला एकमताने पक्षातून काढून टाकलं आहे, असं मास्तरांनी उभं राहून सांगितलं. दामूने "मंजूर" म्हटलं. हिरामण तोंडाला फेस येईतो ओरडला. शांघायपासून सुरुवात करून तो दोघांच्या सात पिढ्यांपर्यंत गेला.

इंदूबाईने दोघांच्या हातातला चहा काढून घेतला.

"पक्ष जेवून सगळी हात धुऊन ग्येली," ती म्हणाली, "आनि तुमी आता मान्सं पानावरनं उठवायला आलात व्हय?"