ठेवणीतला खेळाडू

अकोल्याच्या चंद्रप्रभा जिनिंग-प्रेसिंग कारखान्याचा कबड्डी संघ १९५७ सालीही शेवटचा आला आणि त्याप्रीत्यर्थ कारखान्याच्या आवारात पेढे वाटण्यात आले.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. वऱ्हाडातले जिनवाले पूर्वी एकमेकांचे खेळाडू पळवत. कुणी पगार वाढवून दाखवी, कुणी राहायला खोली देई, एका मालकाने तर अकोटच्या एका चढाईपटूला थेट आपला भाचा म्हणून जाहीर केलं होतं. अखेर सगळ्या मालकांनी बडनेऱ्याला बसून ठराव केला, की खेड्यापाड्यांतले नवे गडी दरवर्षी एके ठिकाणी बोलवायचे आणि कारखान्यांनी पाळीपाळीने एकेक उचलायचा. न्याय म्हणून पहिली पाळी शेवटच्या संघाची. जो जिंकेल त्याने उरलासुरला माल घ्यायचा. या ठरावामुळे जिंकण्यात आता काही राम उरला नाही, हे चंद्रप्रभाच्या ध्यानात सगळ्यांच्या आधी आलं. हरण्याचा तिचा अनुभवच दांडगा होता.

पहिल्या पाळीला चंद्रप्रभाने उचलला तो नांदगाव खंडेश्वरचा देवमन. अंगाने काटक, बोलायला कमी आणि पायाला चपळ. तो आला कधी, शिवला कुणाला आणि परतला कधी, हे समोरचे सातजण नंतर एकमेकांना विचारत बसायचे. कारखान्यात त्याला 'होतकरू खेळाडू' असा हुद्दा मिळाला. होतकरूला पगार मिळे, पण नोकरी कच्ची. अधिकृत सामन्यात उतरला की तो 'कायम' होई, असा नियम होता.

देवमनला कायम होण्याची भारी घाई होती आणि त्या घाईचं नाव पंचफुला होतं. पंचफुला त्याच कारखान्यात कापसातला काडीकचरा वेचायला होती. तिचा बाप डोमाजी गाठी बांधायच्या प्रेसवर होता आणि कायम होता. त्यामुळे जगात माणसांच्या दोनच जाती आहेत, कायम आणि कच्चे, असं तो मानायचा. बाकीच्या जाती त्याने धम्मदीक्षा घेतली त्या दिवशीच सोडल्या होत्या.

"पोट्टा तू चांगला आहेस," डोमाजी म्हणाला. "पन आधी मैदानात उतर, मंग मांडवात उतर. कच्च्या नोकरीवाल्याले मी पोरगी देत नसतो."

देवमनला ही अट अगदीच सोपी वाटली. मैदानात उतरण्यासाठीच तर त्याला आणला होता.

उतरण्यापूर्वी मात्र मूल्यमापन होतं. त्यासाठी समिती होती. कारखान्याचे मॅनेजर खुशालराव तिचे अध्यक्ष. परंतु खरी नजर भगवंतरावांची. भगवंतराव कापसाचे पारखी. कापसाची चिमूट दोन अंगठ्यांमध्ये ताणून, काळ्या कोटाच्या बाहीवर ठेवून, ते तार किती लांब आहे, ओल किती, कचरा किती हे सांगत आणि त्यांच्या शब्दावर गाड्याच्या गाड्या खाली होत किंवा परत जात. कबड्डीचा सामना त्यांनी आजवर पाहिला नव्हता, कारण सामने उन्हात होत. पण पारख ती पारख, माल कोणता हा दुय्यम प्रश्न आहे, असं खुशालरावांचं मत होतं. आणि खुशालरावांचं मत म्हणजेच समितीचं एकमत.

नव्या गड्यांना गोदामाच्या काळ्या दारासमोर उभं करण्यात आलं. भगवंतरावांनी एकेकाचा दंड दोन्ही अंगठ्यांनी ताणून पाहिला. केस चुरडून ओल पाहिली. कचऱ्यासाठी विडी, सिनेमा आणि युनियन यांची चौकशी केली. देवमनची जात कुणी विचारली नाही, समिती सुधारक होती. गावात घर कोणत्या अंगाला आहे, एवढंच विचारलं.

"घर तिकडं आहे जी, नाल्याच्या पल्याड," देवमन म्हणाला. "पन खेळताना मी मधातच असतो."

मग त्याला एक चढाई करायला सांगितली. तो गेला, पाच गड्यांना शिवला आणि भगवंतरावांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवेपर्यंत परत येऊन उभाही राहिला. श्वास जागच्या जागी. 

"हा वापरायचा नाई," भगवंतराव म्हणाले.

"काहून जी?" देवमनच्या तोंडून निघून गेलं.

"लेका, हंगामातला सगळ्यात उंची कापूस आमी काय करतो? सरकी काढाच्या रेच्यात घालतो का? निळ्या कागदात गुंडाळून पेटीत ठेवतो. नमुना म्हनून. बाकीचा माल त्याच्याशी ताडून पाहायचा असते. तू खेळून झिजलास त बाकीच्याईले आमी मापाव कशाशी?"

खुशालरावांनी मान डोलावली. तर्कात कुठे फट नव्हती. चंद्रप्रभाने यंदाच्या सामन्यांत दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचे गडी उतरवावेत आणि देवमनला 'प्रमाण नमुना' म्हणून राखून ठेवावा, असा निर्णय झाला. संघ रीतीप्रमाणे हरला. पहिली पाळी पुन्हा चंद्रप्रभाची.

इथपर्यंत देवमनने फारसं मनाला लावून घेतलं नाही. यंदा नाही तर पुढच्या वर्षी. पण पुढच्या वर्षी समितीच्या लक्षात आलं, की नमुना सरावाने देखील झिजतो. सराव बंद झाला. मग लक्षात आलं, की उजेडात ठेवलेला नमुना पिवळा पडतो. देवमनला गोदामालगतची एक खोली देण्यात आली आणि तिची खिडकी खिळे मारून बंद केली गेली.

"मी मानूस आहो जी," देवमन खुशालरावांना म्हणाला. "मानूस उन्हानं पिवळा नाई पडत."

"आजवर पडला नाहीस," खुशालराव म्हणाले, "हे निरीक्षण झालं. ही हमी नव्हे."

नमुन्याची प्रत उतरू नये म्हणून दूध, तूप आणि दुपारची सक्तीची झोप सुरू झाली. देवमनने खायला नकार देऊन पाहिला, तेव्हा घट आल्याचा शेरा मारून तूप दुप्पट करण्यात आलं. त्याच्या पोटावर आधी एक घडी आली, मग दुसरी, आणि मग घडी पडायला जागा उरली नाही. तो रात्रंदिवस पंचफुलाचा विचार करायचा, पण आता बसल्या बसल्या.

अडचण आली ती नव्या गड्यांची. दर वर्षी बडनेऱ्याहून पहिल्या पाळीचा उत्तम गडी यायचा आणि देवमनच्या शेजारी उभा केला जायचा. एकसष्ट साली चांदूर बाजारचा एक चपळ गडी आला. भगवंतरावांनी दोघांना आळीपाळीने न्याहाळलं आणि तोंड वाकडं केलं.

"हा भरत नाई. याले पोटच नाई."

"कबड्डीले पोट कायले पाह्यजे जी?" तो गडी म्हणाला.

"ते मले माहीत नाई. नमुन्याले आहे."

चांदूर बाजारचा गडी परत गेला, अमरावतीच्या गिरणीने उचलला आणि तिकडे तो ढालीवर ढाली जिंकू लागला. चंद्रप्रभाने आपल्या कसोटीला उतरणारे गोलमटोल गडी जमवले. त्यांना मध्यरेषेपर्यंत जाताना धाप लागायची. संघ हरतच होता. पण समितीच्या कामकाजात आता एवढी शिस्त आली होती, की इतर कारखान्यांची माणसं ते बघायला येत.

अकोलेकरांचा उत्साह तर विचारू नका. पानठेल्यावर, एस.टी. स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात एकच विषय. "तुमी खुशाल जिंका लेकहो, आमच्याकडं देवमन आहे!" त्याला खेळताना कुणीच पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याच्यात खोट काढणंही कुणाला शक्य नव्हतं. तो आजवर एकही सामना हरला नव्हता. शाळांच्या सहली यायच्या. ज्यांनी एरवी देवमनला ओसरीवर बस म्हटलं नसतं असे गावोगावचे पाटील-देशमुख रांग लावून त्याच्या पोटऱ्या चाचपून पाहायचे आणि "वा! काय माल आहे!" म्हणून आपापल्या ओसरीवर परत जायचे.

देवमनला याचं सुख झालं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याला रांगेची सवय झाली. रांग लहान असली की त्याला चुकल्यासारखं वाटे. पण डोमाजी आता रस्त्यात भेटला तरी नजर चुकवायचा, आणि पंचफुलाला अकोटचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा पोस्टात होता. कायम होता.

एकदा कचरा वेचता वेचता पंचफुला त्याच्या दारात येऊन उभी राहिली. आत अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास, आणि खुर्चीवर निळी शाल पांघरून बसलेला देवमन.

"तुमच्याईपाशी डांबराच्या गोळ्या काहून ठेवल्या?" तिने विचारलं.

"कसर लागू नाई म्हनून."

"लागली ना पन," पंचफुला म्हणाली. "मायबाप अकोटवाल्याले हो म्हनून राहिले. उतरता का नाई एकदाचे, ते सांगा."

देवमनच्या पोटात खड्डा पडला. एवढ्या पोटात तो बराच खोल गेला. दुसऱ्या दिवशी त्याने उतरण्याची परवानगी मागितली. खुशालराव दुखावले. समितीचा तुझ्यावर किती जीव आहे, असं म्हणत त्यांनी अर्ज फेटाळला आणि काळजी म्हणून दाराला बाहेरून कडी बसवली.

त्रेसष्टच्या थंडीत अमरावतीला शेवटचा सामना होता. कामगारांना ट्रकमधून नेलं होतं, पंचफुलाही त्यात होती. मैदानाच्या कडेला छत्रीखाली, गादीच्या खुर्चीत, निळी शाल पांघरून देवमनला मांडून ठेवलं होतं. प्रतिस्पर्ध्यावर दडपण यावं असा त्यामागे हेतू होता. खेळ सुरू झाला, आणि चंद्रप्रभाचे दोन गडी धावल्यामुळे, व तिसरा ते बघून, धाप लागून बसले. बदली गडी होते दोनच, तेही संपले. पंचांनी सांगितलं, सातवा माणूस द्या, नाहीतर सामना सोडा.

खुशालराव सामना सोडून द्यायच्याच विचारात होते. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून आवाज आला.

"ओ नमुना! मी सोमवारी अकोटले चालली! उतरा नाई त बसा तिथंच!"

देवमन उठला. शाल खाली पडली. भगवंतराव दोन्ही हात पसरून आडवे आले. "अरे, हात लागला त खराब होशीन! इतकी वर्षं सांभाळलं तुले!"

देवमनने त्यांना हलकेच बाजूला केलं आणि मैदानात उतरून मध्यरेषा ओलांडली.  समोर अमरावतीचे सात गडी, त्यांत चांदूर बाजारचाही तो. पण देवमनला हात लावायची एकाचीही छाती होईना. ज्याची कीर्ती इतकी वर्षं ऐकत आलो, त्याला धरायचं कसं? ते सातही जण अदबीने मागे सरकत सरकत मागच्या रेषेला टेकले. देवमन पुढे गेला. कबड्डी, म्हणाला. कबड्डी, म्हणाला. तिसऱ्या कबड्डीला दम संपला आणि तो कुणीही न शिवता, कुणालाही न शिवता, मैदानाच्या मधोमध तोंड उघडं टाकून उभा राहिला. शिट्टी झाली. देवमन बाद.

भगवंतराव मटकन खाली बसले आणि खरोखर रडले. "सहा वर्षं जपलं जी," ते येईल त्याला सांगत होते, "आन् तीन कबड्डीत वापरून टाकलं." अकोल्याची माणसं भयंकर चिडली होती. राग समितीवर नव्हता, संघावरही नव्हता. "याले उतरायची काय गरज होती?" असं एकमेकांना विचारत ती ट्रकमध्ये चढली. आजवर न हरलेला माणूस त्यांनी गमावला होता.

देवमन मात्र ट्रकच्या फळीवर बसून हसत होता. गुडघ्यांना माती लागली होती, ती त्याने झटकली नाही. नियम म्हणजे नियम. उतरलेला तो कायम. सोमवारी अकोटला निरोप गेला, की स्थळ दुसरीकडे बघा. फाल्गुनात देवमन आणि पंचफुलाचं बुद्धवंदना होऊन लग्न लागलं, आणि डोमाजीने आपल्या कायम जावयाला मांडवात मिठी मारली. ती पुरी बसली नाही.

झालं गेलं विसरून कारखान्याने आहेर पाठवला, सोनेरी काठाच्या चिनीमातीच्या कपबशा. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पंचफुलाने त्यातल्या दोन काढल्या, धुतल्या आणि चुलीवर चहा टाकला. देवमन खाटेवर पडून तिच्याकडे कौतुकाने बघत होता. एकदम तो ताडकन उठून बसला.

"अवं, हे काय करून राहिली? चांगल्या कपबशा आहेत त्या! राहू दे ठेवणीत, पाव्हण्याईसाठी!"

 हातातला कप धरून पंचफुला नवऱ्याकडे बघत राहिली.

वाचकहो, देवमनला हसायला हरकत नाही. फक्त हसण्यापूर्वी आपण चहा कसल्या कपातून घेत आहात ते एकदा बघा, आणि मग उठून चांगल्या कपबशा ठेवलेल्या कपाटाचं ते काचेचं दार उघडा.