मामाजींचा सत्याग्रह

वर्षातून एकदा मी माझ्या सासऱ्यांना भर गावासमोर काठीने मारत असे. तेही त्यांच्याच हुकुमावरून. आणि हळू मारलं म्हणून वर बोलणी खात असे ती वेगळीच.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमचे मामाजी इंग्रजांच्या राज्यात जंगलाचे नाकेदार, म्हणजे रानाचे राखणदार शिपाई होते. तीस साली लोकांनी सरकारी रानातलं गवत कापून कायदा मोडला, तेव्हा मामाजी तिथे हजर होते. फक्त उलट्या बाजूला, खाकी कोट घालून. गवत कापणाऱ्या एका बाईच्या पाठीत त्यांनी काठी घातली होती. स्वराज्य आल्यावर पुष्कळांनी आपले जुने कोट गुपचूप नाहीसे केले. मामाजींनी मात्र आपला कोट निंबाचा पाला घालून पेटीत जपला, आणि दर श्रावणात नाल्याकाठच्या गवतात घरच्या माणसांना घेऊन तो दिवस जसाच्या तसा पुन्हा उभा करू लागले. कोणाच्या घरी भजन असतं, कोणाच्या घरी पत्ते. आमच्या घरी हे.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पन्नास माणसांचा जमाव होत. एकट्याच. "गवत कोनाचं?" असं माझे यजमान ओरडले की पन्नास जणांच्या वतीने त्या "आमचं!" म्हणत, आणि चुलीवरच्या वरणाची आठवण झाली की जमाव मधेच उठून घरी जाई. मार खाणारी बाई स्वतः मामाजी. अंगावर आत्याबाईंचं हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर आणि पदराखाली झुपकेदार मिशा. नाकेदार पूर्वी यजमान होत असत, पण बापावर त्यांचा हात उठेना. "लोनी लावून राह्यला का पाठीले?" असं म्हणून मामाजींनी त्यांना बढती देऊन पुढारी केलं आणि रिकाम्या जागी नवी सून नेमली.

सासऱ्यासमोर पदर तर हवाच, आणि नाकेदाराला टोपीही हवी. पहिल्या वर्षी यावर घरात बराच खल झाला. शेवटी पदरावर टोपी असा निकाल लागला. वर तो ढगळ कोट. मी आरशात पाहिलंच नाही.

"इतिहासात आपली अक्कल नाई घालाची," हे मामाजींचं पालुपद. एकदा गवत कापणाऱ्या दिराने विळा डाव्या हातात धरला, तर सगळं पहिल्यापासून. एका वर्षी आभाळ भरून आलं, तर "त्या दिवशी ऊन होतं" म्हणून आम्ही दुपारपर्यंत उन्हाची वाट बघत बसलो. गाव बांधावर बसून फुटाणे खात होतं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया विचारत, "यंदा किती हानल्या व सासऱ्याले?" मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

तिसऱ्या वर्षी माझे वडील आले. बाबा केळझरला मास्तर होते. थोरांपुढे मान खाली, हे त्यांनी मला पाटीवर ग म भ न गिरवण्याआधी शिकवलं होतं. राखीसाठी मला माहेरी न्यायला न कळवताच आले. घराला कुलूप पाहून त्यांनी चौकशी केली, तर कोणीतरी हसत नाल्याकडे बोट दाखवलं असणार. मी काठी उगारली आणि मामाजींच्या खांद्यावरून मला बांधावर बाबा दिसले. हातात पिशवी, तोंड उघडं.

काठी वरच राहिली. लुगड्यातून आवाज आला, "मार ना! काऊन थांबली?"

मी काठी फेकली. टोपी फेकली. "मी नाई मारत जी! तुमाले लाज नसन, मले हाये!"

फुटाणे खाणारी तोंडंही थांबली. सून सासऱ्याला असं बोलली, आणि तेही बापादेखत. बाबा माझ्याकडे न बघता वळले आणि घराकडे चालू लागले. इतकी वर्षं मला मामाजींची लाज वाटत होती. त्या क्षणी माझ्याच जिभेची वाटली, आणि ती कितीतरी जास्त होती.

माणसं पांगली. घरचेही बाबांच्या मागे गेले. मामाजी लुगड्यातच गवतात बसून होते. मी जवळ गेले.

"चुकलं जी माझं."

"तुयं काय चुकलं? लाजेचंच काम हाये हे. पन लाज मायी हाये, पोरी. तुमाले उगाच वाटून राह्यलो."

मी खाली बसले. मग धीर करून विचारलं, "त्या बाईची माफी मागून मोकळे काऊन नाई होत?"

"गेलतो ना." मामाजी गवताची काडी मोडत राहिले. "स्वराज्य आल्यावर गेलतो तिच्या गावाले. म्हटलं, बाई, मी तो नाकेदार, तुया पाठीत काठी घालनारा. ती पाह्यत राह्यली मायाकडे. म्हने, कोनता रे बाबा? लय जनांनी मारलं."

मामाजींनी दुसरी काडी उपटली.

"तिच्या ध्यानातच नाई, सूनबाई. म्हातारी झालती. मंग ध्यानात ठेवाले मीच उरलो न. माफी कोनाले मागू?"

"मंग तुमी काय केलं?"

"काय करतो? तिचा गवताचा भारा पडला होता तिथंच. एकटीच्यानं उचलत नोयता. उचलून देला तिच्या डोक्श्यावर, अन् आलो घरी."