नवरदेवाची टेस्ट ड्राइव्ह

वाल्मीकरावांच्या दारात एक गाडी होती, पण ती बसण्यापेक्षा बघण्यासाठी जास्त होती.

हिरवी, बुटकी, दोनच माणसांची, बिनछपराची. विलायतेत जन्मलेली ही स्पोर्ट्स कार देवळालीतल्या एका बंगल्यामागे पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. उज्वलाने ती कोंबड्यांसकट पाहिली आणि कोंबड्या सोडून घेतली. मखमलाबादच्या मळ्यातलं गुलाबाचं पॉलिहाऊस सांभाळून उरलेला सगळा वेळ ती त्या गाडीखाली आडवी असायची. वाल्मीकराव शाळेतून घरी आले की त्यांना बायकोचे फक्त पाय दिसायचे. ते पायांशीच बोलायचे. "चहा झाला का?" असं विचारायचे आणि अंगठा हलला की झाला असं समजून आत जायचे.

आता ती गाडी चालत होती, पण तिच्या मर्जीने. घरात तिला सगळे म्हातारी म्हणत. रोज सकाळी गुलाबाचे बॉक्स शहरात पोहोचवायला म्हातारी कामाची नव्हती, आणि त्या कामाची जी जुनी छोटी गाडी होती तिने गंगापूर रोडवर आपला सायलेन्सर भर रस्त्यात टाकून दिला होता.

"रोजच्याला नवी गाडी घ्यावी लागणार," उज्वला म्हणाली. "पण जरा पळणारी हवी हं. म्हातारी चालवल्यावर दुसरं बेचव काही चालवायला हात वळत नाहीत माझे."

"गाडी पोहोचवणारी असावी," वाल्मीकराव म्हणाले. "पळणारी कशाला?"

वाल्मीकराव हायस्कुलात पर्यवेक्षक होते. जिन्यावरून धावणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं "हळू, हळू" म्हणून त्यांचा स्वभावच तसा झाला होता. गाडी त्यांनाही चालवता यायची, पण तिसऱ्या गियरच्या पुढे माणसाचं काय काम असतं हे त्यांना कधी कळलं नव्हतं. त्यांच्या मनात एक पांढरी, उंच, ऑटोमॅटिक गाडी भरली होती. शोरूममधल्या योगेशने तिला 'फॅमिली कार' म्हटलं, तेव्हा वाल्मीकरावांना ती नात्यातलीच वाटली.

उज्वलाच्या मनात मात्र दुसरीच होती. निळी, जमिनीला टेकलेली, हाताने गियर टाकायची, मागे धुराची दोन नळकांडी. वाल्मीकरावांच्या आईने, कुसाबाईंनी, शोरूममध्ये तिच्यात बसून पाहिलं आणि विचारलं, "हिच्यात बसायचं का निजायचं?" त्यांना बाहेर काढायला दोन माणसं लागली.

"चालवून बघितल्याशिवाय मी घेणार नाही," उज्वलाने योगेशला बजावलं.

"मॅडम, टेस्ट ड्राइव्हची गाडी येत्या आठवड्यात येतेय. चारच दिवस आहे हं नाशकात. मग धुळ्याला जाणार."

हे ऐकलं आणि वाल्मीकरावांच्या सरळ डोक्यात आयुष्यातला पहिला डाव शिजला. त्याच आठवड्यात गुरुवारी त्यांच्या भाचीचं, सृष्टीचं लग्न होतं. नवरा मुलगा रुद्र पिंपळगाव बसवंतचा. त्याला त्याच्या गावातल्या मारुतीच्या देवळापासून आडगावच्या लॉन्सपर्यंत म्हातारीतून आणायचं उज्वलाने हौसेने कबूल केलं होतं. म्हणजे गुरुवारी ती घरी नसणार, हे ठरलेलं. वाल्मीकरावांनी शाळेच्या मैदानाच्या टोकाला जाऊन योगेशला फोन लावला.

"टेस्ट ड्राइव्ह गुरुवारी ठेवा. सकाळी अकरा वाजता, घरी."

"सर, रविवारी जमेल की. निवांत."

"नाही, नाही. गुरुवारच."

योगेश घरी येणार, कुलूप बघणार, परत जाणार. पुढे गाडी धुळ्याला जाणार. मग आपण हळहळायचं आणि पांढरी बुक करायची. त्या रात्री वाल्मीकरावांना झोप छान लागली, फक्त एकदा मध्येच उठून त्यांनी झोपलेल्या उज्वलाकडे पाहिलं आणि उगाचच तिच्या अंगावर चादर नीट केली.

गुरुवारी लॉन्सवर धांदल होती. वाल्मीकराव नवरीचे मामा, त्यामुळे डोक्याला गुलाबी फेटा आणि हातात काम काहीच नाही. उज्वला सकाळीच पैठणी नेसून, डोळ्यांना गॉगल लावून म्हातारी घेऊन पिंपळगावला गेली होती. मुहूर्त साडेबाराचा. बँडवाले गेटवर घाम पुसत उभे होते. तेवढ्यात गेटातून ती निळी गाडी आत आली.

गाडीच्या दोन्ही दारांवर हातभर अक्षरांत 'टेस्ट ड्राइव्ह' लिहिलं होतं, आणि मागच्या काचेवर 'आधी चालवून बघा, मग ठरवा!' असं पिवळ्या रंगात. काच खाली झाली आणि योगेशचं हसरं तोंड बाहेर आलं.

"सर! आणली बघा!"

"अहो, इकडे कशाला आणलीत? घरी सांगितलं होतं ना?"

"घरी कुलूप असणार म्हटलं, मग इकडेच आलो. कस्टमर जिथे, तिथे आपण."

"बरं, आता जेवून घ्या आणि निघा," वाल्मीकराव त्याच्या खांद्याला धरून मांडवाकडे ढकलू लागले. "मठ्ठा फार छान झालाय. मॅडम नाहीत, कामात आहेत, त्यांना आज काही जमायचं नाही..."

त्यांच्या खिशातला फोन वाजला. उज्वला होती.

"अहो, म्हातारी बसली. हायवेवर, दहाव्या मैलाजवळ."

"बसली म्हणजे?"

"म्हणजे बंद पडली. उन्हाने पेट्रोलची वाफ झालीय. थंड झाल्याशिवाय काही सुरू होणार नाही. नवरदेव रस्त्याच्या कडेला छत्री धरून उभाय. कुणालातरी गाडी घेऊन पाठवा, लवकर!"

वाल्मीकरावांनी आवारात नजर फिरवली. वऱ्हाडाच्या बसगाड्या एकीला एक चिकटून लागल्या होत्या आणि त्यांच्या मागे सगळ्या पाहुण्यांच्या गाड्या कोंडल्या होत्या. त्यांची बहीण छाया, म्हणजे नवरीची आई, पदर सावरत धावत आली.

"दादा, नवरदेव कुठंय? गुरुजी विचारतायत. चिमाजीअण्णांचं तोंड बघ कसं झालंय!"

चिमाजीअण्णा म्हणजे नवरदेवाचे चुलते. पिंपळगावात द्राक्षाचं पॅकहाऊस, मिशा भरघोस आणि राग नाकावर. वाल्मीकरावांनी त्या मिशांकडे पाहिलं, मग निळ्या गाडीकडे. मोकळी गाडी तेवढी एकच होती.

"योगेश," ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "चला."

दहाव्या मैलाजवळ म्हातारीचं बॉनेट उघडं होतं आणि उज्वला पैठणीचा पदर खोचून इंजिनावर ओलं फडकं दाबत होती. हिरव्या काठावर काळ्या ग्रीसची नवी वेलबुट्टी उमटली होती. शेजारी शेरवानी, मुंडावळ्या आणि उंच तुऱ्याचा फेटा अशा थाटात रुद्र उभा होता. जाणारे टेम्पोवाले हॉर्न वाजवून त्याला शुभेच्छा देत होते.

"उज्वला, तू गाडी घे आणि याला ने," वाल्मीकराव उतरत म्हणाले.

"आणि हिला हायवेवर एकटी सोडू? हिची चावी कुणाला फिरवता येते माझ्याशिवाय? योगेश धक्का मारायला थांबेल. नवरदेवाला तुम्ही न्या."

"मी?"

"तुम्ही मामा आहात. तुमच्याशिवायही तिकडे अडेलच की!"

बोलायला वेळ नव्हता. रुद्र गाडीत बसू लागला, पण तुरा छताला अडला. फेटा काढायची तयारी नव्हती, कारण तो बांधायला पुण्याहून माणूस आला होता. शेवटी योगेशने छताची काच सरकवली आणि नवरदेवाचा तुरा बाहेर डोलू लागला. वाल्मीकरावांचा फेटा मात्र आतच राहिला, त्यामुळे त्यांनी मान तिरकी करून गाडी सुरू केली. गाडी एकदा उडी मारून बंद पडली. दुसऱ्यांदा उडी मारून चालू राहिली.

"मामा," थोडं अंतर गेल्यावर रुद्र अदबीने म्हणाला, "आपल्याला आत्ता सायकलवाला ओलांडून गेला."

"जाऊ दे. त्याला घाई असेल."

"घाई मलाही आहे, मामा."

ते खरं होतं. मुलाच्या कपाळावरून घाम मुंडावळ्यांत उतरत होता. वाल्मीकरावांना त्याची दया आली आणि एसी वाढवायला म्हणून त्यांनी समोरचं एक बटण दाबलं. एसी काही वाढला नाही. समोरचे आकडे मात्र लाल झाले आणि मागच्या दोन नळकांड्यांतून असा काही आवाज निघाला की वाल्मीकरावांनी दचकून पाय दाबला. नेमका तो ॲक्सिलरेटरवर होता.

गाडी सुटली. कांद्याचा ट्रॅक्टर मागे पडला, सायकलवाला मागे पडला, हात आपसूक चौथ्या गियरवर गेला, मग पाचव्यावर. छतातून तुऱ्याची फडफड ऐकू येत होती. वाल्मीकराव ओरडले, पण ते भीतीने नव्हे, हे त्यांचं त्यांनाच लॉन्सचं गेट दिसल्यावर कळलं.

"मामा!" रुद्र हसत म्हणाला. "अजून एक फेरी मारायची का?"

"मुहूर्त आहे रे," वाल्मीकराव म्हणाले. त्यांना ते म्हणावं लागलं याचं जरासं वाईटही वाटलं.

गेटवर बँड सुरू झाला. पोरांनी म्हातारीसाठी आणून ठेवलेले झेंडूचे हार निळ्या गाडीवर चढवले. सगळं छान चाललं होतं, तोच चिमाजीअण्णा गाडीभोवती एक चक्कर मारून पुढे आले. त्यांनी दारावरचं वाचलं होतं आणि मागच्या काचेवरचंही.

"पाव्हणं," त्यांनी वाल्मीकरावांना गाठलं. "ह्ये काय लिवलंय? आधी चालवून बघा, मग ठरवा? आमच्या पोराची ट्रायल घेताय व्हय तुमी?"

बँड थांबला. छायाने डोळे मिटून घेतले. वाल्मीकरावांनी मान सरळ करायचा प्रयत्न केला, पण ती इतक्या वेळात तिरकीच अडकली होती, त्यामुळे ते फार नम्र दिसत होते.

"अण्णा, ते गाडीबद्दल आहे," ते म्हणाले. "मुलगा आम्ही केव्हाच ठरवलाय. एकदा बघितला, लगेच पसंत. बघा ना, त्याला वेळेत आणायचा म्हणून शोरूमची गाडी उचलून आणली. नवी कोरी. अजून कुणाच्या नावावरसुद्धा नाही!"

चिमाजीअण्णांनी मिशीवरून हात फिरवला.

"म्हंजी, शोरूममदनं डायरेक्ट?"

"डायरेक्ट."

"आमच्या रुद्रासाठी?"

"फक्त त्याच्यासाठी."

"मंग वाजवा की रं!" चिमाजीअण्णा बँडवाल्यांवर ओरडले आणि स्वतःच पहिले नाचू लागले. कुणीतरी शहाणपणा करून दारांवर मानाचे टॉवेल टाकले. ते वाऱ्याने उडत राहिले आणि लग्नाच्या प्रत्येक फोटोत थोडी थोडी टेस्ट ड्राइव्ह आली.

मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या, आणि जेवणाची पहिली पंगत बसता बसता म्हातारी खोकत गेटातून आत आली. उज्वला चालवत होती आणि शेजारी योगेश बसला होता, तोंडाला काजळी लागलेला. छाया धावली. वहिनीला मिठी मारून ती म्हणाली, "दादाने लाज राखली गं! ऐन वेळेला कुठून गाडी उभी केली, देव जाणे."

"ऐन वेळेला नाही हो ताई," योगेश प्रामाणिकपणे म्हणाला. "सरांनी आधीच बुकिंग करून ठेवलं होतं. मी रविवार म्हणत होतो, पण सर म्हणाले, नाही, गुरुवारच. लग्नाच्याच दिवशी."

आजूबाजूची माणसं वाल्मीकरावांकडे बघू लागली. छायाच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा! म्हातारी दगा देणार हे तू आधीच ओळखलं होतंस?"

कुसाबाई अभिमानाने शेजारणीला सांगू लागल्या, "ल्हानपणापासून असाच हाय. लय पुढचं बघतो." चिमाजीअण्णांनी वाल्मीकरावांच्या ताटात स्वतःच्या हाताने दोन जिलब्या वाढल्या. वाल्मीकरावांनी त्या गुपचूप शेजारच्या ताटात सरकवल्या.

जेवणं झाल्यावर उज्वलाने निळ्या गाडीची किल्ली मागून घेतली. "चला, माझी टेस्ट ड्राइव्ह राहिलीय," ती म्हणाली. वाल्मीकराव निमूट शेजारी बसले. हायवेला लागल्यावर तिने असे काही सफाईने गियर टाकले की गाडीला आपण कुणाच्या हातात आलो ते कळलं असावं.

"उज्वला, एक सांगायचं होतं. ते गुरुवारचं..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अहो, शोरूममध्ये चौकशीला नंबर माझा दिलाय. योगेशने बुधवारी मला फोन केला. मॅडम, उद्या अकराला घरी येतो, म्हणाला. मी म्हटलं, उद्या तर आम्ही सगळे लग्नात. मग लक्षात आलं कुणाचं डोकं चाललंय ते." ती गालात हसली. "म्हटलं, मे महिना आहे, म्हातारीचा भरवसा नाही, एक गाडी जवळ असलेली बरी. मीच त्याला लॉन्सवर यायला सांगितलं."

वाल्मीकरावांचे कान फेट्याहून गुलाबी झाले.

"मग तिथे, सगळ्यांसमोर, का नाही बोललीस?"

"लोक तुमचं इतकं कौतुक करत होते," उज्वला म्हणाली. "मला ऐकायला बरं वाटत होतं."

गाडी ओझरपर्यंत जाऊन वळली. परत येताना तिने ती रस्त्याच्या कडेला थांबवली, उतरली आणि फिरून त्यांच्या बाजूला आली.

"सरका तिकडे. रुद्र म्हणत होता, मामांनी काय पळवली! मलाही बघू दे."

वाल्मीकराव सरकले. त्यांनी फेटा काढून मागच्या सीटवर ठेवला, आरसा नीट केला, आणि या वेळी ते बटण समजून उमजून दाबलं.

"मग, हीच घ्यायची ना?" लॉन्सवर परतल्यावर उज्वलाने विचारलं. तिचे केस पार विस्कटले होते. "रंग तुम्ही सांगा. पांढरा म्हणालात तरी चालेल."

वाल्मीकरावांनी पर्यवेक्षकाला शोभेल असा गंभीर विचार केला.

"पिवळा," ते म्हणाले. "भडक पिवळा. लांबून दिसतो. सुरक्षित असतो."

"हो का?" उज्वला म्हणाली.

"आणि योगेशला विचार," वाल्मीकराव आवाज खाली आणून म्हणाले, "ती मागची नळकांडी याहून मोठी मिळतात का."